विश्लेषण : सरळ रेषेत धावणारी मोटार आणि तिच्या वेगामागे लागलेला एरिक लेथवेट

इंग्लंडमधील केंब्रिजशायरच्या सपाट शेतजमिनीत, एरिथ गावाजवळ, ७ फेब्रुवारी १९७३ रोजी २२ टनांच्या एका गाडीने ताशी १०४ मैल म्हणजे १६७ किलोमीटरचा वेग गाठला. गाडीला चाके नव्हती. ती हवेच्या उशीवर तरंगत होती आणि तिला ढकलणाऱ्या मोटारीत फिरणारा एकही भाग नव्हता. पुढच्या आठवड्यात सरकारने प्रकल्पाचा निधी बंद केला. त्या मोटारीसाठी आयुष्यातली पंचवीस वर्षे घातलेल्या प्राध्यापकाचे नाव एरिक लेथवेट. लिनियर मोटार त्यांनी शोधलेली नाही, पण ती जगाच्या नजरेत आणली ती त्यांनीच. तिच्या वेगावर ताबा मिळवण्याचा प्रश्न मात्र त्यांच्या हयातीत त्यांच्या हातून सुटला नाही. तो का अवघड होता आणि पुढे कसा सुटला?

लेथवेट कोण होते?

१४ जून १९२१ रोजी लँकेशायरमधील अ‍ॅथर्टन येथे त्यांचा जन्म झाला. शिक्षण कर्कम ग्रामर स्कूलमध्ये. लँकेशायर म्हणजे सूतगिरण्या आणि मागांचा मुलूख, हे पुढच्या कथेसाठी लक्षात ठेवायला हवे. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, ते हवाई दलात गेले आणि फार्नबरो येथील विमान संशोधन केंद्रात ऑटोपायलटवर काम करू लागले. ऑटोपायलटचे काम एका ओळीत सांगायचे तर ठरलेली दिशा आणि प्रत्यक्ष दिशा यांतला फरक सतत मोजायचा आणि तो सतत कमी करत राहायचा. नियंत्रणशास्त्राचा हा मूळ धडा त्यांनी वर्गात नव्हे, युद्धाच्या गरजेपोटी गिरवला.

१९४६ मध्ये सैन्यातून मोकळे झाल्यावर ते मँचेस्टर विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी शिकायला आले. तेथे एफ. सी. विल्यम्स होते. कॅथोड किरण नळीत माहिती साठवण्याची युक्ती काढणारे आणि मँचेस्टरच्या सुरुवातीच्या संगणकामागचे हेच विल्यम्स. लेथवेट यांनी पदव्युत्तर काम त्याच ‘मार्क वन’ संगणकावर केले. म्हणजे हा माणूस संगणकाच्या जन्मघरात होता. तरीही तो वळला मोटारींकडे. विशेष म्हणजे विल्यम्सही काही वर्षांत संगणक सोडून मोटारींकडेच वळले.

लिनियर मोटार म्हणजे काय?

विहिरीवरचा थ्री-फेज पंप ज्या मोटारीवर चालतो ती इंडक्शन मोटार. तिच्या बाहेरच्या स्थिर भागात, म्हणजे स्टेटरमध्ये, तारांची वेटोळी असतात. त्यांत तीन फेजचा प्रवाह सोडला की आत गोल फिरणारे चुंबकीय क्षेत्र तयार होते. आतल्या रोटरला वीज जोडलेली नसते. फिरत्या क्षेत्रामुळे त्यात आपोआप प्रवाह निर्माण होतो आणि रोटर त्या क्षेत्रामागे ओढला जातो. तो क्षेत्रापेक्षा किंचित मागेच राहतो. मागे राहिला नाही तर प्रवाहच निर्माण होणार नाही.

आता हा स्टेटर एका जागी उभा कापून सपाट उलगडला, अशी कल्पना करा. चुंबकीय क्षेत्र गोल फिरण्याऐवजी लाटेसारखे सरळ पुढे सरकू लागते. रोटरच्या जागी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी ठेवली की ती पट्टी पुढे ढकलली जाते. पट्टी जमिनीला घट्ट केली तर उलट स्टेटरच, म्हणजे गाडी, पळू लागते. ना गिअर, ना साखळी, ना चाकाच्या पकडीची गरज.

कल्पना नवी नव्हती. चार्ल्स व्हीटस्टन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात सरळ रेषेतील विद्युत मोटारीचे प्रयोग केले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी आल्फ्रेड झेडेन यांनी रेल्वेसाठी तिचे पेटंट मिळवले. १९४६ च्या सुमारास अमेरिकेत वेस्टिंगहाऊसने नौदलाची विमाने उडवण्यासाठी ‘इलेक्ट्रोपल्ट’ नावाची लिनियर मोटार बांधली. ती चालली, पण महाग पडली आणि वाफेच्या कॅटापल्टपुढे मागे पडली. दर पिढीत कोणीतरी ही मोटार नव्याने काढायचे आणि ती पुन्हा अडगळीत जायची.

हे सगळे धोट्यापासून कसे सुरू झाले?

ज्यांनी इचलकरंजी किंवा भिवंडीत जुने माग चालताना ऐकले आहेत, त्यांना तो खटखटाट परिचित आहे. त्यात मोठा वाटा धोट्याचा. आडव्या धाग्याची कांडी पोटात घेऊन धोटा एका बाजूने फेकला जातो, दुसऱ्या बाजूला आदळून थांबतो आणि पुन्हा परत फेकला जातो. प्रत्येक फेरीत ठोका, झीज आणि वाया गेलेली ऊर्जा. लेथवेट यांना १९४० च्या दशकाच्या अखेरीस वाटले, की हा ठोका काढून टाकता येईल. धोट्याला अ‍ॅल्युमिनियमचा भाग द्यायचा आणि चुंबकीय लाटेने तो अलगद ढकलायचा.

अडचण लगेच समोर आली आणि ती वेगाचीच होती. चुंबकीय लाटेचा वेग दोनच गोष्टींवर ठरतो : दोन ध्रुवांमधले अंतर आणि विजेची वारंवारिता. अंतराला वारंवारितेने गुणून दुप्पट करा, वेग मिळतो. ध्रुवांतर १० सेंटिमीटर आणि वारंवारिता ५० हर्ट्झ असेल तर लाट सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर वेगाने पळते. भिंतीतल्या सॉकेटमधून येणारी वारंवारिता ठरलेली. तांब्याची वेटोळी एकदा बसवली की ध्रुवांतरही ठरलेले. म्हणजे लाटेचा वेग कारखान्यातच कोरला गेला.

धोट्याला तर एका टोकाला शून्यातून वेग घ्यायचा असतो आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा शून्यावर यायचे असते. ठरलेल्या वेगाच्या लाटेमागे शून्यातून धावताना इंडक्शन मोटार जितकी गतिज ऊर्जा कमावते, जवळपास तितकीच अ‍ॅल्युमिनियममध्ये उष्णता म्हणून गमावते. जो धोटा दिवसभर फक्त वेग घेतो आणि सोडतो, त्याच्यासाठी हा व्यवहार तोट्याचाच. १९५७ मध्ये लेथवेट आणि पी. जे. लॉरेन्सन यांनी धोट्यासाठी आपोआप मागेपुढे झुलणाऱ्या इंडक्शन मोटारीवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. प्रयोगशाळेत तो सुंदर दिसत असे. गिरणीत मात्र तो कधी रुळला नाही.

वेग बदलायचा तरी कसा?

आज याचे उत्तर सोपे आहे : इन्व्हर्टर लावा आणि हवी ती वारंवारिता काढा. पन्नासच्या दशकात मोठ्या प्रवाहाला पेलेल असा ट्रान्झिस्टर किंवा थायरिस्टर इन्व्हर्टर बाजारात नव्हता. त्यामुळे मँचेस्टरच्या मंडळींनी भूमितीचा आधार घेतला. त्या काळातील हे काम आज जवळजवळ विसरले गेले आहे आणि खरे तर लेथवेट यांच्या सगळ्या पुढच्या प्रवासाचे मूळ त्यातच आहे.

विल्यम्स, लेथवेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोलाकार रोटर घेतला. त्याच्याभोवती पूर्ण वर्तुळाचा स्टेटर न बसवता स्टेटरचे तुकडे बसवले. हे तुकडे तिरके फिरवता येत. लाट रोटरच्या दिशेत सरळ पळाली तर एक वेग, तिरकी पळाली तर दुसरा. वारंवारिता तीच, ब्रश नाहीत, तरी वेग बदलता येतो.

हे करताना एक वेगळीच गोष्ट हाती लागली. पूर्ण वर्तुळाच्या स्टेटरला सुरुवात नसते आणि शेवटही नसतो. तुकड्याला मात्र दोन टोके असतात. टोके आली की मोटार पुस्तकाप्रमाणे वागेनाशी होते. तिरक्या तुकड्यांच्या मोटारीतली ही खोड म्हणजेच सपाट उलगडलेल्या मोटारीची खोड होती.

टोकांचा त्रास म्हणजे काय?

गाडी पुढे जाते तेव्हा तिच्या पुढच्या टोकाखाली सतत नवी, कोरी अ‍ॅल्युमिनियम पट्टी येत राहते. या पट्टीत आधी चुंबकीय क्षेत्र नव्हते. ते अचानक आले की पट्टीत त्याला विरोध करणारे प्रवाह उठतात आणि क्षेत्र उभे राहायला थोडा वेळ लागतो. गाडी हळू असेल तर तेवढा वेळ मिळतो. गाडी वेगात असेल तर क्षेत्र पुरते उभे राहण्याआधीच पट्टीचा तो भाग मोटारीखालून निघून जातो. म्हणजे मोटारीचा पुढचा हिस्सा जवळजवळ फुकट. वेग जितका जास्त, फुकट जाणारा हिस्सा तितका मोठा. मागच्या टोकाला पट्टीत उरलेले प्रवाह आणखी थोडी ऊर्जा खातात.

परिणाम असा, की या मोटारीचे गुणधर्म तिच्या वेगासोबत बदलतात. पंपाच्या मोटारीबद्दल असे म्हणता येत नाही. वेगाचे नियंत्रण करणाऱ्याची इथेच पंचाईत होते, कारण ज्या गोष्टीवर ताबा ठेवायचा तीच गोष्ट मोटारीची प्रकृती बदलत असते. त्यात भर म्हणजे स्टेटर आणि पट्टी यांच्यातली फट. पंपाच्या मोटारीत ती मिलिमीटरच्याही आत असते. गाडीखाली ती बरीच मोठी ठेवावी लागते आणि हादऱ्यांनी ती सतत कमीजास्त होते. अ‍ॅल्युमिनियम तापले की त्याचा विरोधही वाढतो, १०० अंश सेल्सिअसने तापले तर सुमारे ४० टक्के.

१९६४ मध्ये लेथवेट लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हेवी इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगचे प्राध्यापक झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी मोटारीचा ‘चांगुलपणा’ मोजणारा एक साधा अंक मांडला. लोखंडातला चुंबकीय मार्ग आणि तांब्यातला विद्युत मार्ग एकमेकांत किती चांगले गुंतले आहेत, हे तो अंक सांगतो. ध्रुवांतर वाढले की तो वर्गाच्या पटीत वाढतो, फट वाढली की घटतो. त्यातून निघालेला निष्कर्ष धोट्याला मारक आणि रेल्वेला तारक होता : लहान, हळू लिनियर मोटार वाईट, मोठी आणि वेगवान चांगली. लेथवेट गिरणीतून रुळांकडे का गेले, याचे हे खरे उत्तर. लिनियर मोटारीवरच्या पाठ्यपुस्तकांत आजही हा अंक जागा मिळवून आहे.

एरिथचा प्रकल्प का बंद पडला?

साठच्या दशकात लेथवेट हे ब्रिटनमधले घराघरात माहीत असलेले नाव बनले होते. १९६६ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनची मुलांसाठीची नाताळ व्याख्याने त्यांनी दिली आणि ती बीबीसीवर दाखवली गेली. टेबलावर अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे तरंगताहेत, पळताहेत, आणि ठसठशीत उत्तर इंग्लंडच्या बोलीत एक प्राध्यापक ते समजावतो आहे, हे दृश्य त्या पिढीच्या अनेक अभियंत्यांच्या आठवणीत राहिले.

याच काळात सरकारी पैशावर ट्रॅक्ड हॉवरक्राफ्ट ही कंपनी उभी राहिली. ताशी ३०० मैलांचे, म्हणजे सुमारे ४८० किलोमीटरचे स्वप्न होते. आकडेमोड करून पाहा. सेकंदाला १३३ मीटर वेग आणि ५० हर्ट्झ वीज असेल तर ध्रुवांतर १.३३ मीटर येते. इतक्या लांब ध्रुवातून चुंबकीय प्रवाह एका ध्रुवाकडून दुसऱ्याकडे नेण्यासाठी मागे जाडजूड लोखंड लागते. त्या लोखंडाचे वजन गाडीला पेलवेना. लेथवेट, फ्रेड ईस्टॅम आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये यावर नामी तोडगा मांडला : चुंबकीय प्रवाह लांबीच्या दिशेने नेण्याऐवजी आडवा फिरवायचा. लोखंड कितीतरी कमी लागते. याच आडव्या रचनेतून पुढे त्यांची ‘चुंबकीय नदी’ आली. तिच्यावर ठेवलेला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा उचललाही जातो, मध्यावर राहतो आणि पुढेही वाहतो. १९७७ च्या ‘द स्पाय हू लव्हड मी’ या बाँडपटात क्यूच्या प्रयोगशाळेत पळणारा ट्रे ही तिचीच करामत.

पण तोवर प्रकल्प संपला होता. १४ फेब्रुवारी १९७३ रोजी मंत्री मायकल हेसेल्टाइन यांनी निधी थांबवल्याचे सांगितले. हा निर्णय सरकारच्या करंटेपणाचा नमुना म्हणून अनेकदा सांगितला जातो. ते पूर्ण खरे नाही. ब्रिटिश रेल्वेची झुकणारी एपीटी गाडी जुन्याच रुळांवर धावण्यासाठी आखलेली होती, तर हॉवरट्रेनला नवा उन्नत मार्ग मैलोन् मैल बांधावा लागणार होता. एरिथचा बांधलेला मार्ग जेमतेम एक मैलाचा. त्यावर ३०० मैलांचा वेग गाठून थांबणे शक्यच नव्हते, म्हणजे टोकांचा त्रास सर्वात जास्त जिथे जाणवणार तो वेग कधी तपासलाच गेला नाही. शंका रास्त होत्या. त्यांची उत्तरे मिळण्याआधी चाचणी बंद करणे मात्र रास्त नव्हते.

नावाला धक्का कसा लागला?

पुढचा घाव त्यांनी स्वतःच घालून घेतला. नोव्हेंबर १९७४ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रतिष्ठित शुक्रवार व्याख्यानात ते जायरोस्कोप घेऊन उभे राहिले. जड चक्र वेगाने फिरू लागले की ते एका हाताने सहज डोक्यावर उचलता येते, हे त्यांनी दाखवले आणि न्यूटनचे नियम अशा वेळी अपुरे पडतात, असे सुचवले. दृश्य थक्क करणारे होते, निष्कर्ष चुकीचा. फिरत्या चक्राचे वजन कमी होत नाही. हात वर जाताना ते चक्र स्वतःभोवती वळत जाते, म्हणून हाताला होणारी पिळवणूक टळते, इतकेच. संस्थेने हे व्याख्यान आपल्या कार्यवृत्तात छापले नाही, आणि तसे पूर्वी घडले नव्हते.

जायरोस्कोप न्यूटनच्या चौकटीतच वागतो, हे त्यांनी नंतर मान्य केले. तरी त्यातून प्रणोदन मिळवण्याचा नाद शेवटपर्यंत सुटला नाही. याच काळात, १९७५ मध्ये, त्यांनी दोन सहलेखकांसोबत फुलपाखरे आणि पतंगांचा रंगीत कोश प्रसिद्ध केला. कीटकांचा अभ्यास हा त्यांचा जुना छंद होता.

मग वेगाचा प्रश्न सुटला कसा?

दोन टप्प्यांत. पहिला टप्पा सत्तर आणि ऐंशीच्या दशकांतला. ताकदवान थायरिस्टरमुळे वारंवारिता हवी तशी बदलणे शक्य झाले. लाटेचा वेग आता कारखान्यात कोरलेला राहिला नाही. सोबत जर्मनीत फेलिक्स ब्लाश्के यांनी सत्तरच्या सुरुवातीला व्हेक्टर नियंत्रणाची पद्धत मांडली. मोटारीत जाणाऱ्या प्रवाहाचे दोन हिस्से मानायचे, एक चुंबकीय क्षेत्र उभे करणारा आणि दुसरा बळ देणारा, आणि दोघांना स्वतंत्रपणे हाताळायचे.

पण या पद्धतीला मोटारीची प्रकृती अचूक माहीत असावी लागते. लिनियर मोटारीत ती वेगासोबत बदलते. १९८३ मध्ये जे. डंकन यांनी टोकांचा परिणाम वेगावर अवलंबून असलेल्या एका घटकात बसवून एक सोपे समतुल्य परिपथ दिले. नियंत्रकाला निदान अंदाज बांधता येऊ लागला.

दुसरा टप्पा अंदाज चुकला तरी काम चालवण्याचा. यालाच रोबस्ट, म्हणजे खमके नियंत्रण म्हणतात. स्कूटरवर मागे कोण बसले आहे, त्याचे वजन किती, समोरून वारा किती, हे चालवणारा मोजत नाही. गाडी मंदावली की तो अ‍ॅक्सिलरेटर पिळतो. खमके नियंत्रक तेच करतात, फक्त सेकंदाला हजारो वेळा आणि किती चूक सहन होईल याचे गणित आधी मांडून. त्यातली एक जुनी पद्धत सोव्हिएत संशोधनातून, विशेषतः वादिम उत्किन यांच्या कामातून आली : स्लायडिंग मोड. चुकीची एक रेषा ठरवायची. गाडी रेषेच्या एका बाजूला गेली की पूर्ण जोर एका दिशेने, दुसऱ्या बाजूला गेली की उलट दिशेने. मोटारीची प्रकृती ठरावीक मर्यादेत कशीही बदलो, गाडी रेषेला चिकटून राहते. तोटा एकच, सततच्या उलटसुलट झटक्यांनी थरथर होते. ती कमी करण्यासाठी रेषेभोवती एक पातळ पट्टा मानून त्यात जोर हळूहळू बदलतात. दुसरी पद्धत व्यत्यय-निरीक्षकाची : दिलेल्या प्रवाहाने जेवढा वेग वाढायला हवा होता आणि जेवढा खरोखर वाढला त्यातला फरक म्हणजे अज्ञात ओझे, असे धरून तेवढा जोर पुढच्याच क्षणी वाढवायचा. त्या फरकात वारा आहे, चढ आहे, की टोकांचा परिणाम, याची चौकशीच करायची नाही.

व्हँकुव्हरची स्कायट्रेन १९८५ पासून लिनियर इंडक्शन मोटारीवर धावते. टोकियोची ओएदो मेट्रो आणि ग्वांगझूच्या काही मार्गिकाही. मोटार चपटी असल्याने डब्याची उंची कमी होते, बोगदा लहान खणावा लागतो आणि चढावर चाके घसरण्याचा प्रश्न येत नाही. अमेरिकेच्या ‘जेराल्ड आर. फोर्ड’ या विमानवाहू नौकेवर विमाने लिनियर मोटारच उडवते. इलेक्ट्रोपल्टला जे जमले नाही ते, कारण प्रत्येक विमानाच्या वजनाप्रमाणे जोर बारकाईने बदलता येतो. मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेन मात्र यात येत नाही. ती चाकांवर आणि फिरत्या मोटारींवरच धावणार आहे.

शेवटची वर्षे कशी गेली?

ब्रिटनमध्ये १९८४ साली बर्मिंगहॅम विमानतळ ते रेल्वे स्थानक अशी सुमारे ६०० मीटरची मॅग्लेव्ह सुरू झाली. ती लिनियर इंडक्शन मोटारीवर चालत होती आणि १९९५ मध्ये बंद पडली. लेथवेट १९८६ मध्ये इम्पीरियलमधून निवृत्त झाले. त्याच वर्षी त्यांना विद्युत अभियंत्यांच्या आयईईई या संस्थेचा निकोला टेस्ला पुरस्कार मिळाला, तो लिनियर इंडक्शन मोटारीच्या कामासाठी. पुढच्या वर्षी त्यांनी लिनियर मोटारींचा इतिहास लिहिला. त्यात त्यांच्या आधी ही मोटार काढून विसरल्या गेलेल्या माणसांना त्यांनी जागा दिली. अखेरच्या काळात चुंबकीय रुळावरून अवकाशयानाला पहिला धक्का देण्याच्या नासाच्या कल्पनेत ते गुंतले होते. २७ नोव्हेंबर १९९७ रोजी त्यांचे निधन झाले. एरिथला धावलेली गाडी आज पीटरबरो येथील रेलवर्ल्ड संग्रहालयाच्या आवारात उभी आहे.